विश्रामच्या दुकानाची पाटी

एका गावात एक दुकानदार होता आणि त्याच्यापाशी कधीही आजारी न पडणारा कॉम्प्युटर होता. दुकानदाराचे नाव विश्राम. लोक पेनड्राइव्ह घेऊन येत आणि तो त्यांत भजने, लावण्या, लग्नाचे फोटो, जे मागतील ते भरून देई.

गावातल्या बाकीच्या कॉम्प्युटरांना सतत कुठला ना कुठला व्हायरस लागलेला असे. कुणाचे फोटो जात, कुणाचा पडदा काळा पडे. दुरुस्त करून आणावा, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. विश्रामच्या कॉम्प्युटरवर मात्र इतरांच्या विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती. विंडोजसाठी लिहिलेले, भल्याभल्यांना आडवे करणारे व्हायरस तिथे येत आणि मुकाट पडून राहत. गाव थक्क होऊन त्या पेटीला सिद्धपुरुष म्हणे. विश्राम तर इतका थक्क होता, की रोज सकाळी तिला जास्वंदीचे फूल वाही. दुकानावर त्याने पाटीही रंगवून घेतली होती : 'येथे व्हायरस येत नाही.' त्यात आपले कर्तृत्व किती, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

त्याची थोरली बहीण, शेवंताअक्का, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर भरतकाम करी. देवळाच्या दारावरची वेल, केळीच्या पानाची शीर, मान वळवून पाहणारा मोर, सगळी नक्षी तिने स्वतः काढलेली. ती सारी तिच्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि तिचे घर त्यावर चाले. तिच्या मशीनला लिनक्स चालत नसे. अँटिव्हायरस होता, पण त्याची मुदत संपली होती. म्हणून कामाच्या वेळी ऐकायला भजने भरून घेताना ती भावाला बजावी, की तू तरी एक अँटिव्हायरस ठेव आणि तपासून दे.

एकदा ती असे म्हणाली तेव्हा विश्राम गिऱ्हाइकांदेखत हसला. "अक्का, ज्याला कधी ताप येत नाही, त्याच्या काखेत थर्मामीटर कशाला?"

"तुझ्या काखेत नको रे बाबा. तू माझ्या घरी जे पाठवतोस, त्याच्या काखेत घाल."

गिऱ्हाइके हसली. विश्रामने न तपासता पेनड्राइव्ह भरून दिला.

दुसऱ्या दिवशी मशीनवर एका नवरीचा शालू चढला होता आणि मोर मानेपर्यंत भरून झाला होता. अक्काने 'नवी भजने' असे नाव दिसले त्यावर बोट दाबले. भजन लागले नाही. मशीन थांबले. नक्षी एकामागून एक बंद झाली आणि प्रत्येकीच्या नावाला एक अनोळखी शेपूट चिकटले. एकही उघडेना.

अक्का दुकानात आली. ती ओरडली असती तर विश्रामला बरे वाटले असते. तिने पेनड्राइव्ह त्याच्यासमोर ठेवला. "तुझ्या सिद्धपुरुषाला विचार, यात काय दिलं होतं."

आपण निर्दोष आहोत हे दाखवण्यासाठी विश्रामने फुकट मिळणारा एक अँटिव्हायरस उतरवून घेतला आणि कॉम्प्युटर तपासायला लावला. पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या, त्या थांबेनात. लग्नाच्या फोटोंत व्हायरस, लावण्यांत व्हायरस. भजनांत 'नवी भजने' बसलेली होती. ती कधीतरी कुणाच्या पेनड्राइव्हमधून आली होती. त्याने ती पाहिलीही होती. उघडत नाही म्हणून सोडून दिली आणि इतर भजनांबरोबर गावभर वाटली.

विश्रामच्या अंगावर काटा आला. सबंध गावाचा आजार त्या एका पेटीत नांदत होता आणि पेटीला साधी शिंकही आली नव्हती. त्याच पेटीत अक्काने पूर्वी छापायला आणलेली जुनी नक्षीही होती. विषाच्या मांडीला मांडी लावून ती वेल बसली होती आणि तिचे पानही वाकडे झाले नव्हते. असे बळ त्याने कुठे पाहिले नव्हते. त्या बळापुढे हात जोडावेत, की त्याच्या भरवशावर आपण जे केले त्यासाठी डोके आपटावे, हे त्याला कळेना.

त्याने जुनी नक्षी एका पेनड्राइव्हमध्ये भरून तो बहिणीपुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"तपासलंस?"

"तपासलं."

"परत तपास."

त्याने परत तपासले. संपेपर्यंत ती उभी होती.

मोर मात्र जुन्या नक्षीत नव्हता. अक्काने तो पुन्हा काढला. शालू वेळेवर गेला, नवरी खूश झाली, पण पहिल्या मोराच्या मानेतले वळण आले नाही, असे अक्का अजून म्हणते.

विश्राम आता प्रत्येक पेनड्राइव्ह तपासतो. वेळ लागतो, गिऱ्हाइके कुरकुरतात. फूल तो अजूनही वाहतो. पाटी मात्र त्याने स्वतः ब्रश घेऊन बदलली आहे : 'येथून व्हायरस जात नाही.'

तात्पर्य: आपल्याला आजार होत नाही, ही नशिबाची गोष्ट झाली, तो आपल्या हातून दुसऱ्याच्या घरी जाऊ नये, ही जबाबदारी आपली. लिनक्सवाल्याने अँटिव्हायरस ठेवावा तो स्वतःसाठी थोडा आणि शेजाऱ्यासाठी फार.