चाफ्याच्या उतारावरची भट्टी

बसा, इथे कट्ट्यावर बसा. ऊन अजून इकडे आलेलं नाही. त्या मधल्या भट्टीकडे बघताय ना? सगळे तिच्याकडेच बघतात. एवढा मोठा बसडेपो, आणि ऐन मधोमध ही विटांची बुटकी भट्टी, वर काळा लोखंडी पत्रा. प्रत्येक बस तिला वळसा घालून बाहेर पडते. नवे लोक विचारतात, ही पाडत का नाही? त्याची गोष्ट आहे. मी काही शिकलेला माणूस नाही, या डेपोत बसगाड्या धुण्यात माझा जन्म गेला. ऐकलं तसं सांगतो.

पूर्वी हा ट्रामचा डेपो होता. त्या पलीकडच्या छपराखाली ट्रामगाड्या उभ्या राहायच्या. समोरचा रस्ता चढावाचा, त्याला चाफ्याचा उतार म्हणतात. ट्रामचं चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा. रूळ ओला असला की ब्रेक लावूनही गाडी घसरत यायची. म्हणून ट्रामच्या पोटाखाली वाळूची पेटी असे. ड्रायव्हरने पायाने खटका दाबला की नळीतून वाळू रुळावर पडे आणि चाक पकड घेई. पण वाळू कोरडी ठणठणीत लागते. ओलसर झाली की नळीत गोळा होऊन बसते. ती वाळू भाजायला ही भट्टी.

भाजायचं काम तानूबाईकडे होतं. तिचा नवरा रावजी याच डेपोत ट्रामचा ड्रायव्हर. माणूस अबोल, पण हात फार हलका. त्याच्या ट्राममध्ये उभ्या माणसाचा चहासुद्धा सांडत नसे, असे सांगतात. त्याचा कंडक्टर दादू, तो तेवढाच बडबड्या.

एका वर्षी नागपंचमी आली. आपल्यात त्या दिवशी चुलीवर तवा ठेवत नाहीत, काही भाजत नाहीत, जमिनीला कुदळ लावत नाहीत. तानूबाईने भट्टीचा पत्रा बघितला. तोही तव्यासारखाच. तिने त्या दिवशी भट्टी पेटवली नाही. आदल्या दिवशीची उरलेली वाळू पेट्यांत भरली आणि वारुळाला दूध घालायला गेली. श्रावणातली हवा ती, वाळूने रात्रभर ओल पिऊन घेतली होती.

दुपारी भुरभुर सुरू झाली. रावजीची ट्राम उतारावर आली आणि चाकं घसरू लागली. रावजीने खटका दाबला. वाळू पडेना. खाली वडाला झोके बांधलेले, पोरी रस्त्याच्या कडेपर्यंत फेर धरून होत्या. रावजी म्हणाला, "दादू, माणसं उतरव आणि तूही उडी मार."

"रावजीदा, तू?"

"मी घंटा वाजवतो."

ट्रामची घंटा पायाने वाजवायची असते, तिथे उभंच राहावं लागतं. दादूने माणसं उतरवली, स्वतः उडी मारली. रावजी उभा राहिला. घंटा ऐकून पोरी पांगल्या. ट्राम डेपोच्या भिंतीला धडकली. कोणाला खरचटलंही नाही म्हणे, एक रावजी सोडून. रावजी जागीच गेला.

तानूबाईला कोणी बोल लावला नाही. कसा लावणार? सण सगळ्यांचाच होता. पण तिचं तिला कळलं होतं. घरात सुतक, चुलीला विस्तव नाही, आणि त्याच संध्याकाळी ती भट्टीशी येऊन बसली. शेजारणी म्हणाल्या, "अगं तानू, आज तरी नको." ती म्हणाली, "माझी चूल थंड राहिली तर एक वेळ चालेल. ही राहणार नाही. सण असो, सुतक असो. पाप लागायचं ते मला लागू दे." आणि तिने भट्टी पेटवली. तेव्हापासून दर नागपंचमीला ती भट्टीपाशी नागाला लाह्या ठेवायची, हात जोडायची आणि वाळू भाजायची. शेवटची ट्राम आत आल्याशिवाय जागची उठायची नाही.

अशी वर्षं गेली. मग ट्रामगाड्या बंद झाल्या, डेपो बससाठी घेतला. ट्रामची छपरं तशीच राहिली, खाली बसगाड्या उभ्या राहू लागल्या. दादू आता बस चालवायला शिकला होता. तो म्हाताऱ्या तानूबाईला चिडवायचा, "वहिनी, आता चाक रबराचं. ती वाळू द्या पोरांना किल्ले करायला." ती म्हणायची, "तू खाली नीट उतर म्हणजे झालं."

बस वळायला अडचण होते म्हणून भट्टी पाडायचा हुकूम निघाला. गडी पहारी घेऊन आले, तर नेमकी नागपंचमी. गड्यांनी पहारी खाली ठेवल्या. "आज जमिनीला लोखंड लावायचं नाही, म्हातारे. उद्या पाडू."

ज्या सणाने तिचा नवरा नेला, त्याच सणाने तिला एक दिवस दिला. तिने भट्टी पेटवली, वाळू भाजली. पण घालायची कुठे? पेट्या तर ट्रामबरोबर गेल्या. रस्त्यातले रूळ मात्र अजून उखडले नव्हते. तिने घमेलं डोक्यावर घेतलं आणि उतारावर जाऊन त्या रुळांवर वाळू पसरू लागली. लोक हसले. भुरभुर चालूच होती. पण थेंब त्या वाळूवर पडायचा आणि नाहीसा व्हायचा, वाळू काही भिजत नव्हती, असे सांगतात.

एवढ्यात दादूची बस वरून आली. रबराचं चाक ओल्या रुळावर चढलं आणि बस आडवी घसरत निघाली. आत माणसं खच्चून भरलेली. खाली तोच वड, तेच झोके. बस वाळूवर आली, चाकांखालून वाफ निघाली म्हणे, आणि ती उभी राहिली. वडाच्या अलीकडे. दादू खाली उतरला. तानूबाई म्हणाली, "जा, गाडी आत लाव. मी बसलेय."

दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा आले. बघतात तर ड्रायव्हर लोक भट्टीपाशी ओळीने उभे. पुढे दादू. प्रत्येकाने पत्र्यावरची मूठभर वाळू घेतली, आपल्या बसच्या पुढच्या चाकाखाली घातली आणि मगच गाडी काढली. डेपोचे साहेब हे बघायला आले. मग म्हणाले, "राहू द्या. बसला वळसा घालायला सांगा."

रूळ उखडले, तानूबाई गेली, दादूही गेला. आजही नागपंचमीला या वस्तीत कोणाच्या चुलीवर तवा चढत नाही, पण ही भट्टी पेटते. ती पेटवायचा मान डेपोत सगळ्यात नवा असेल त्या ड्रायव्हरच्या घरच्या बाईचा. यंदा थोडा घोळ झाला. नवी ड्रायव्हर बाईच आली, सुलक्षणा म्हणून. मग तिच्या नवऱ्याला बसवला. बिचाऱ्याला फुंकर घालता येईना, डोळ्यांत धूर, आणि हे सगळे ड्रायव्हर हसतायत. शेवटी पेटवली त्याने. सुलक्षणाने मूठभर वाळू चाकाखाली घातली आणि बस काढली.

मी त्याला म्हटलं, झालं तुझं काम, ऊठ, चहा घे. तो म्हणाला, "बाबा, ती खाली येऊ दे." आणि उताराकडे तोंड करून वाळू परतत राहिला.