सागाने अंजनाकडे पाठवलं

सातपुड्यातली झाडं माणसांशी बोलायची, त्या काळची ही हकिगत. उतारावरच्या सागाचा मोठा मान होता. दार करायचं असो की नांगर, माणसं आधी त्याच्याकडेच यायची.

एकदा पावसाच्या झडीत वस्तीतल्या सगळ्या चुली विझल्या. लाकूड कोरणारी रुमाय सागापाशी आली.

"सागबाबा, एक फांदी दे. विस्तव पाडायची नळी करते. नळीत दांडा जोरात दाबला, की कोंडलेली हवा तापून आतला कापूस पेटतो. सुनेचं बाळ गारठलंय रे."

साग सुखावला, पण लगेच चपापला. त्याच्या लाकडात बारीक छिद्रं होती. त्यांतून हवा निसटणार, हे त्याला ठाऊक होतं. पण नाही म्हटलं आणि ही उद्यापासून दुसऱ्या झाडाकडे जायला लागली तर?

रुमायने कोयता उचलला.

"थांब," साग कसाबसा म्हणाला. "माझ्या नळीत हवा टिकायची नाही. तुझी मेहनत फुकट जाईल आणि बाळ तसंच कुडकुडत राहील. खडकावरच्या अंजनाकडे जा. त्याचं लाकूड इतकं दाट, की पाण्यात बुडतं."

"तो देईल?"

"मी पाठवलंय म्हणून सांग."

अंजनाने आपली वाळलेली फांदी दिली. रुमाय दिवसभर कोरत बसली. दिवेलागणीला वस्तीतून धूर वर चढला. सागाने तो पाहिला आणि खडकाकडे हाक दिली, "अंजना, पेटली रे तुझी नळी!"

'तुझी' म्हणताना त्याला मुळीच जड गेलं नाही.