उद्याची भाकरी

“काहीच नाही? फळ, बियाणं, लोणचं, मध… काहीच?”

“नाही म्हणून सांगितलं ना,” श्रीरंग उमरीकर म्हणाला. “माझ्याकडे नाही. आणि यांच्याकडे तर असण्याचा प्रश्नच येत नाही.”

ऑकलंडच्या विमानतळावर कस्टमला बसलेली ती बाई मूळची फिजी बेटांवरची. तिची हिंदी आपल्यापेक्षा निराळी, पण समजायला अडचण नव्हती. कामाची पाळी संपत आलेली, डोळ्यांवर झापड. तिने श्रीरंगच्या मागे पाहिलं.

सामानाच्या गाडीला टेकून हिरागीरबाबा उभे होते. भगवं धोतर, त्यावर कोणीतरी दिलेला विटका स्वेटर, काखेत झोळी. नांदेडकडच्या एका खेड्यातून इथवर येता येता म्हाताऱ्याचं अंग नुसतं आंबून गेलं होतं.

“हे कोण?” बाईने विचारलं.

ही संधी श्रीरंग थोडाच सोडणार!

“माझे गुरू. पाच घरची माधुकरी मागतात. मिळेल ते तिथल्या तिथे खातात, उरलेलं गाईला घालतात. उद्याची भाकरी यांनी जन्मात कधी ठेवली नाही.”

हे शेवटचं वाक्य त्याचं अगदी तोंडपाठ होतं. असणारच. बाबांना इथे बोलावून आता बाहेर हार घेऊन उभ्या असलेल्या मंडळींच्या निमंत्रणपत्रिकेवर ते ठळक अक्षरात छापलेलं होतं, आणि लिहिलंही यानेच होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून श्रीरंग बाबांची सावली होऊन राहिला होता. खरं सांगायचं तर बाबांच्या वैराग्याचा अभिमान बाबांपेक्षा त्यालाच जास्त होता.

स्वतःचंही थोडंफार वैराग्य होतंच. प्रवास संपेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा नेम त्याने घराचा उंबरा ओलांडतानाच धरला होता. विमानात शेजारच्यांनी विचारलं नव्हतं, तरी त्यांना सांगूनही झालं होतं.

बाबांनी मात्र समोर येईल ते खाल्लं. पाव खाल्ला, भात खाल्ला, वाटीतला तो लाल, थुलथुलीत गोड पदार्थसुद्धा चाटून पुसून खाल्ला.

“श्रीरंगा, भूक न्हाई लागली तुला?” त्यांनी मधून मधून विचारलं होतं.

“छे, बाबा. सवय आहे मला.”

पोटात कावळे कोकलत होते, ही गोष्ट वेगळी. आता तर उभ्या उभ्या त्याला गरगरत होतं.

तेवढ्यात कुत्रं आलं.

हुंगण्याच्या कामावरचं लहानसंच कुत्रं, पाठीवर हिरवं जाकीट. श्रीरंगच्या बॅगांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ बाबांच्या झोळीपाशी गेलं आणि खाली बसलं. बसलं ते हलेचना.

“बाबांकडे मुकी जनावरंसुद्धा ओढली जातात,” श्रीरंग कौतुकाने म्हणाला.

बाई हसली नाही.

“झोळी उघडा.”

झोळीत एक पंचा निघाला. एक तांब्या निघाला. आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची अर्धी भाकरी, वर मिरचीचा ठेचा.

श्रीरंगने फडकं ओळखलं. गाव सोडताना शेवटच्या घरी गोजराबाईने हीच भाकरी दिली होती. गाडीत बाबांनी अर्धी खाल्ली होती. उरलेली वाटेत कुठल्याशा गाईला घातली असेल, असं तो धरून चालला होता.

म्हणजे बाबांनी ठेवली!

ठेच्याचा वास नाकात गेला आणि अशा वेळीही त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याला स्वतःचीच किळस आली. मग दुसरंच काहीतरी वर आलं… ज्यांच्या पायांवर इतकी वर्षं डोकं ठेवलं, ते चारचौघांसारखेच निघाले? भूक लागेल म्हणून शिळी भाकरी लपवणारे? त्याला वाईट वाटलं, मग राग आला, आणि मग रागावायचंही त्राण उरलं नाही. मटकन खाली बसून रडावं, असं वाटलं.

“कोणाचं आहे हे?” बाईने विचारलं.

बाबा श्रीरंगकडे बघत होते.

“हे बघा,” बाई दमलेल्या आवाजात म्हणाली, “आधी सांगितलं असतं, तर काढून घेतलं असतं आणि सोडलं असतं. मी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. आता ज्याचं असेल त्याला दंड भरावा लागेल, आणि त्याच्या नावावर ही नोंद लागेल. कोणाचं?”

नोकरीत श्रीरंगच्या नावावर साधा एक मेमोही लागला नव्हता. हे तो येताजाता सांगत असे.

काचेच्या दारापलीकडे झेंडूचे हार दिसत होते. कोणीतरी टाचा उंचावून आत बघत होतं. बाबांचं म्हणावं, तर पत्रिकेवरचं ते वाक्य खोटं. बाबा खोटे. मग आपली ही सगळी वर्षं तरी कसली?

“माझं,” तो म्हणाला.

“तुमचं? मग यांच्या झोळीत कसं?”

“मीच टाकलं. त्यांना ठाऊक नाही.”

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. आयुष्यात असं धडधडीत खोटं, तेही सरकारी माणसाच्या तोंडावर, तो कधी बोलला नव्हता.

बाईने त्याचा पासपोर्ट घेतला, काहीबाही लिहिलं, पावती दिली. भाकरी तिने फडक्यासकट उचलली. क्षणभर हातात धरली.

“घरची आहे,” ती म्हणाली, आणि झाकणाच्या मोठ्या डब्यात तिने ती टाकून दिली.

दोघे पुढे निघाले. बाहेरच्या दाराआधी एक बाक होता. बाबांना चालवेना. ते बाकावर टेकले आणि गुडघे चोळत राहिले.

श्रीरंग उभाच होता. आत कुठेतरी दुखत होतं. आणि खोटं कशाला सांगा, त्या दुखण्याच्या कडेला थोडं बरंही वाटत होतं. गुरूचा दोष शिष्याने अंगावर घेतला… कोण घेतो हल्ली?

“बाबा.”

“काय रे?”

“आज तुमच्यासाठी मी खोटं बोललो.”

बाबांनी मान वर केली.

“कवा?”

“आत्ता. त्या बाईपुढे. भाकरी माझी आहे म्हणालो ते. तुमचं नाव राखायला माझं नाव घालवलं, बाबा. पण का ठेवलीत तुम्ही? इतक्या वर्षांत नाही, ती आजच का?”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्याचे खोल गेलेले डोळे, सुकून पांढरे पडलेले ओठ…

मग त्यांनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

“खोटं कामून म्हणतूस?” ते म्हणाले. “तुझीच व्हती ती. दोन दिसाचा उपाशी हायस, लेकरा.”