तुतारीवाल्याच्या पोटातला संसार

फार पूर्वी, एका गडाच्या पायथ्याशी एक तुतारीवाला राहायचा. त्यानं तुतारी फुंकली की चरती गुरंसुद्धा मान वर करून ऐकत. राजा खूश झाला आणि त्यानं त्याला गडावरच ठेवून घेतलं.

मग काय विचारता! रोज तुपात तळलेली पक्वान्नं, मध्यरात्रीपर्यंत पंगती, सूर्य डोक्यावर येईतो झोप आणि चार पावलं जायचं तरी पालखी. भाकरी-पालेभाजीला तर त्यानं कधीच रामराम ठोकला. वर्ष सरता सरता पोट नगाऱ्यासारखं फुगलं. श्वास भरायला जावं तर आत कळ यायची. दसरा तोंडावर आलेला. सीमोल्लंघनाची तुतारी चुकली, तर त्याच्या घराण्याचा पिढ्यान् पिढ्यांचा मान जाणार होता.

घाबरून तो गावी बायकोकडे आला. तिचं दही पंचक्रोशीत नावाजलेलं. विरजण मागायला सगळ्या आयाबाया तिच्याच दारी यायच्या.

"दह्यानं पोट बरं हुतं म्हनं. मडकंभर दे."

मडकं चाटूनपुसून साफ केलं आणि स्वारी पुन्हा गडावर मेजवानीला बसली. पोट आणखीच तडतडलं.

"तुझं विरजणच बिघडलंय!" दुसऱ्या दिवशी तो तिच्यावर खेकसला.

बायको हसली. "आवं, उकळत्या दुधात घातलं तर कुनाचंबी विरजण मरंल. जित्तं असतंय ते. त्याला कोमट दूध लागतं, निवांतपना लागतो. तुमच्या पोटातबी असंच बारकं जीव नांदत्यात. भाकरी-भाजी सोडून तुमी त्यांस्नी उपाशी ठेवताय, रातभर जागवताय, आन् वर मलाच बोल लावताय व्हय?"

त्याची मान खाली गेली. पण गडी खरा! रुसला नाही, रागावला नाही, तिथंच राहिला. नाचणीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, वाटीभर ताक. दिवेलागणीला जेवण, वेळेवर झोप आणि पहाटे पायी गड चढून उतरायचा. पोटानं आधी बरीच कुरकुर केली, मग हळूहळू त्याची समजूत पटली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो गडावर गेला. रात्री राजानं स्वतः पक्वान्नांचं ताट पुढं केलं. "घे. नाही म्हणालास, तर आमचा अपमान समजू."

तुतारीवाला हात जोडून म्हणाला, "म्हाराज, माझ्या पोटात दुसऱ्यांचा संसार हाय. त्यांची जेवायची येळ टळली. आता त्यांस्नी तरास दिला, तर उद्या ते मला दम देनार न्हाईत."

"उद्या तुतारी चुकली, तर पुन्हा गडावर पाऊल ठेवायचं नाही!" राजा गरजला.

तुतारीवाल्यानं मुजरा केला आणि सरळ जाऊन झोपला. केवढी ही हिंमत!

दसऱ्याला त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तुतारी फुंकली. दरीपलीकडची गावं घराबाहेर आली. सूर थांबला, तरी माणसं गडाकडेच बघत राहिली.

राजा जवळ आला. आपल्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "उद्या पहाटे गड उतरशील, तेव्हा आम्हालाही हाक मार."

तात्पर्य: पोटातल्या चिमुकल्या जिवांना आपण रोज सांभाळावं, म्हणजे ऐन वेळी ते आपल्याला सांभाळतात; वर्षभराची हेळसांड एका मडक्यानं भरून निघत नाही.