कोंडाईनं धरलेलं मनगट

फार वर्षांमागची गोष्ट. आडदऱ्याला तेव्हा धड वाट नव्हती, आणि जंगल म्हणाल तर घरांच्या मागच्या भिंतीला टेकलेलं. दिवस बुडाला की माणसं दारं लावून घ्यायची आणि वाघ गावात यायचा. अगदी रोजचा पाहुणा असल्यासारखा.

त्या गावात हिरू नावाची बाळंतीण होती. पहिलंच बाळ, सव्वा महिन्याचं. दिवसभर ते ढाराढूर झोपायचं. दिवेलागण झाली की त्याचे डोळे टक्क उघडायचे आणि रडणं सुरू व्हायचं, ते पार तांबडं फुटेपर्यंत. आवाज बारीक, शेळीच्या पिल्लासारखा, लांबवर जाणारा. वाघ त्या आवाजाच्या मागावर येतो, असं लोक म्हणायला लागले. आधी एक शेरडू गेलं. मग पाटलांच्या अंगणातला कुत्रा गेला. तेव्हा पाटलांनी हिरूच्या नवऱ्याला, भिवाला, बोलावून घेतलं.

"अमावस्येपर्यंत पोर गप झालं तर बरंच आहे," ते म्हणाले. "नाहीतर मायलेकरांना ओढ्यापल्याडच्या गोठ्यात नेऊन ठेव. एका पोरापायी सगळं गाव जायला नको."

त्या गोठ्याला दार नव्हतं. हे भिवाला ठाऊक होतं आणि पाटलांनाही. अमावस्या पंधरा दिवसांवर आली होती.

भिवानं हे हिरूला सांगितलं. तिनं काय काय केलं ते विचारू नका. मीठमोहऱ्या ओवाळल्या, निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. रात्रभर दिवा तेवत ठेवून ती आणि सासू आळीपाळीनं बाळाला मांडीवर घ्यायच्या, थोपटायच्या, गायच्या. दिवसा नजर लागू नये म्हणून खोलीच्या दाराला घोंगडं लावून काळोख करायच्या. बाहेर कुणी नुसतं खाकरलं तरी सासू डोळे वटारायची.

शेवटी भिवानं कोंडाईला आणलं. कोंडाई गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, पाटीलसुद्धा. बोलायची कमी, पण बोलली की पुढच्याला झोंबायचं. ती पाळण्याशी बसली ती तीन दिवस, तीन रात्री उठलीच नाही. डोळ्याला डोळा लावला नाही, असं म्हणतात. बाळ झोपेत असेल तेवढा वेळ ती हळूहळू वाटीत दाणे टाकत राहायची, दिवसा ज्वारीचे, रात्री तांदळाचे.

चौथ्या दिवशी तिनं वाटी हिरूपुढं धरली. वाटी भरलेली, पण सगळी ज्वारीच. तांदूळ शोधावे लागत होते.

"झोप कमी नाही गं तुझ्या पोराला," कोंडाई म्हणाली. "बाकीच्या लेकरांएवढीच आहे. तुम्ही दोघींनी दिवसाची रात्र केलीत आणि रात्रीचा दिवस. त्या बिचाऱ्यानं कशावरून ओळखायचं?"

सासू फणकारली. कोंडाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही. तिनं घोंगडं ओढून काढलं आणि पाळणा ओसरीवर बांधायला लावला, जिथं जातं घरघरतं, कोंबड्या फिरतात. दिवसा झोपलं तर उजेडात झोपू दे. दुधाची वेळ झाली की उठव, बोल त्याच्याशी. रात्री मात्र पाळणा आत घ्यायचा, दिवा मालवायचा. पाजायचं ते अंधारात आणि मुकाट्यानं.

दिवा मालवायचा म्हटल्यावर हिरू अडली. तान्ह्या बाळाशी काळोख केला की सटवी येते, हेच ऐकत ती वाढली होती. पण तिच्या डोळ्यांसमोर तो बिनदाराचा गोठा आला. तिनं दिवा मालवला.

चार दिवस काडीचा फरक पडला नाही. पाचव्या रात्री बाळ थोडं झोपलं. मग आणखी थोडं. अमावस्या उजाडली तोवर ते रात्री पिऊन पुन्हा झोपू लागलं होतं, पण भरवसा नव्हता. एखाद्या रात्री मध्येच टाहो फोडायचं.

त्या अमावस्येला गावात कुणी झोपलं नाही. सगळे कान देऊन बसलेले. कोंडाई हिरूच्या घरी पाळण्याशी बसलेली. मध्यरात्री वाघ आला, तो थेट हिरूच्या दाराशी. फळीवर नखं घासल्याचा आवाज झाला. आणि नेमकं तेव्हाच पाळण्यात बाळ चाळवलं. कुंई केलं, पाय झाडले, कण्हल्यासारखं केलं.

हिरू झेपावली. कोंडाईनं अंधारात तिचं मनगट धरलं.

"थांब," ती हिरूच्या कानाशी म्हणाली. "झोपेतच आहे ते. उचलशील तर जागं होईल."

दुसऱ्या हाताचं बोट तिनं बाळाच्या पापण्यांवरून फिरवलं. पापण्या मिटलेल्या होत्या. बाळ पुन्हा कुंकुं करायला लागलं. आता रडेल, आता रडेल, म्हणून हिरूचा जीव जात होता. तिनं हात सोडवायला हिसका दिला, पण कोंडाई सोडेना. पाळण्यातून एक लांब श्वास आला, आणि मग काहीच नाही.

बाहेर वाघानंही तसाच श्वास सोडला. तो अंगणात पंजांवर डोकं टेकून झोपला, असं म्हणतात. सकाळी धुळीत त्याच्या अंगाचा ठसा होता आणि पावलं जंगलाकडं गेली होती. तो पुन्हा आडदऱ्यात फिरकला नाही. आठवड्याच्या आत पाटलांनी त्या गोठ्याला दार बसवलं. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

हिरूच्या मनगटावर कोंडाईची पाच बोटं उमटली ती मरेपर्यंत पुसली नाहीत. तिच्या लेकीनाती तोच वण घेऊन जन्मल्या, असंही म्हणतात.

आजही आडदऱ्यात बाळंतिणीच्या खोलीतला दिवा मालवताना घरातली म्हातारी म्हणते, "कोंडाई, बस गं पाळण्याशी." मग रात्री बाळ चाळवलं की आई लगेच उचलायला धावत नाही. अंधारात आपल्याच हातानं आपलं मनगट घट्ट धरते, आणि ऐकत राहते.