गावचा दगड आणि सर्जेरावची पाठ

एका गावात एक पैलवान होता आणि एक दगड होता. गावाचा जीव पैलवानापेक्षा दगडावर जास्त होता.

दगड भैरोबाच्या देवळासमोर पडलेला असे. काळा, गुळगुळीत, धरायला कुठे कोपरा नाही. जत्रेच्या दिवशी एका माणसाने एकट्याने तो छातीपर्यंत उचलून पारावर ठेवायचा, मगच पालखी निघायची, अशी रीत होती. रीत कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हते. मोडायची मात्र कोणाची छाती नव्हती.

पैलवानाचे नाव सर्जेराव. गेली काही वर्षे दगड तोच उचलत होता. मग एकदा कुस्ती खेळताना त्याच्या कमरेतून कळ निघाली ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. मणक्यातली चकती सरकली होती. शहरात नेऊन ऑपरेशन करावे लागले.

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्याला बजावले, "ताकद परत येईल, पण तुमच्या घाईने येणार नाही. आधी चालायचं. मग स्वतःच्या अंगाचंच वजन पेलायचं. डॉक्टर हो म्हणाले की मग हलकं वजन. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. श्वास कोंडायचा नाही. आज केलेलं उद्या दुखलं नाही, तरच पुढे थोडं वाढवायचं. आणि पायाला मुंग्या आल्या की थांबायचं, मला येऊन दाखवायचं."

सर्जेरावला हे पटले आणि त्याचा संतापही झाला. संताप कोणावर काढावा, हे कळेना. भल्याभल्यांना आस्मान दाखवणारा गडी आता तालमीत लहान पोरांच्या रांगेत उभा राहून, खांबाला धरून अर्ध्या बैठका काढत होता. तालमीच्या दारात बसणाऱ्यांना आयता विषय मिळाला.

"पैलवान, पोरांच्या रांगंत दूध बी अर्धा पेलाच मिळतंय का?"

"जपून हं. खांब पडंल."

सर्जेराव दात आवळून पुढची बैठक काढी.

जत्रा आली. अजून भरली घागर उचलायचीही त्याला मुभा नव्हती. तरी वस्तादांनी भर गर्दीत त्याला हाक मारली. त्यांनीच त्याला लहानपणापासून घडवले होते.

"सर्जा, ये. पालखी खोळंबलीया."

"वस्ताद, मला अजून मुभा न्हाई. मागंच सांगितलं हुतं तुमास्नी."

"कुणाची मुभा? त्या दवाखान्यातल्या पोरीची? अरं, आनंदा पैलवानाकडं बघ. कमरंत लचक असताना दगड उचलला. कंबर गेली, पन दगड पारावर ठिवूनच पडला. तालमीत त्याचा फोटू हाय. तुजा लावायचा का न्हाई?"

गर्दीने 'भैरोबाच्या नावानं चांगभलं'चा गजर केला. सर्जेरावच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने सदरा काढून फेकला, पुढे झाला आणि दगडाला मिठी घातली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आनंदा पैलवानाची बायको हौसाबाई पुढे आली.

"वस्ताद, पुढचं बी सांगा की," ती म्हणाली. "दगड त्येंनी एकदा उचलला. तवापासनं त्येंला मी रोज उचलतीया. धुवाया, पुसाया, कुशीवर वळवाया. टाळ्या वाजवाया समदं गाव हुतं. कूस बदलाया एक बी आला न्हाई."

"बाई, देवाचं काम चाललंय," वस्ताद गुरगुरले.

"मग देवाला उचलू द्या."

सर्जेरावने दगडाभोवतीचे हात काढले आणि तो सावकाश उभा राहिला.

"मी उचलणार न्हाई."

"मग आजपासनं तू माजा चेला न्हाईस."

वस्तादांचा शब्द सर्जेरावने आजवर कधी खाली पडू दिला नव्हता.

"तुमी शिकिवलेलं समदं माज्या अंगात हाय, वस्ताद. पन अंगच ऱ्हायलं न्हाई, तर त्ये ठेवू कुटं?"

हुर्यो उठली. कोणी शिट्टी मारली, कोणी त्याच्यावर खारे दाणे फेकले. दाणे फेकणाऱ्यांपैकी एकानेही जन्मात त्या दगडाला हात लावला नव्हता.

ऊन चढले. पालखीच्या भोयांचे खांदे भरून आले. शेवटी तालमीतल्या चार पोरांनी मिळून दगड पारावर ठेवला. पालखी निघाली. भैरोबा कोपला नाही. इतकी वर्षे ज्या रीतीसाठी माणसे मोडली, ती चार पोरांनी क्षणात मोडली आणि कोणाचे काही बिघडले नाही.

सर्जेरावने त्या चौघांना अडवले. "दगडाला चौघं मिळाली. मानसाला का मिळत न्हाईत? चला माज्यासंगं."

तो त्यांना आनंदाच्या घरी घेऊन गेला. अंधाऱ्या खोलीत आनंदा उताणा पडला होता. पोरांनी त्याला फक्त फोटोत पाहिले होते. फोटोतल्या मांड्या आणि चादरीखालच्या काटक्या एकाच माणसाच्या आहेत, हे त्यांना खरे वाटेना. हौसाबाईने कुठे धरायचे ते दाखवले. चौघांनी त्याला अलगद उचलून अंगणात, उन्हात बाजेवर ठेवले.

सर्जेराव बाजूला उभा होता. त्याचे हात शिवशिवत होते. दगड उचलायची जेवढी खुमखुमी आली होती, त्याहून जास्त आता या माणसाला उचलावेसे वाटत होते. पण माणसाचे वजन हेही वजनच. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

"तू का रं लांब?" आनंदाने विचारले.

"मला अजून वजन उचलायचं न्हाई, आण्णा. दवाखान्यात तसं सांगितलंय."



"मला कुणी सांगितलंच न्हाई," आनंदा म्हणाला.

तात्पर्य: मोडून सांधलेल्या पाठीवर वजन कधी आणि किती चढवायचे, हे ती पाठ आणि तिचा डॉक्टर ठरवतील; टाळ्या वाजवणाऱ्यांना तो अधिकार देऊ नये, कारण अंथरूण धरल्यावर कूस बदलायला ते येत नाहीत.