वर्षाची बरणी आणि चौथा खण

एकदा असं झालं, की एका शिष्याने आपल्या गुरूंना मोठ्या आदराने घरी जेवायला बोलावलं आणि जेवण संपता संपता त्यांचं मनगट गच्च धरलं. गुरूंचं मनगट धरणाऱ्या शिष्याला उद्धट म्हणावं की शहाणं? उत्तराची घाई नको. आधी सगळं ऐकून घ्या.

शिष्याचं नाव श्रीरंग कासार. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता, वडिलांनी थाटलेला. बारसं असो, लग्न असो, शाळेचं संमेलन असो, कासारांचा कॅमेरा तिथे हजर. वडील गेल्यावर माळ्यावरून निगेटिव्हच्या पेट्याच पेट्या निघाल्या. दमट हवेने त्या एकमेकींना चिकटत चालल्या होत्या, आंबूस वास मारत होत्या. श्रीरंगने चिकाटीने एकेक सोडवली, पुसली, स्कॅन केली आणि सगळे फोटो एका डिस्कवर उतरवले. मूळ निगेटिव्ह काही वाचल्या नाहीत, त्या टाकून द्याव्या लागल्या. गावाच्या दोन पिढ्यांचे चेहरे आता फक्त त्या डिस्कवर होते.

आणि लोक अजूनही यायचे बरं का! मध्यंतरी एक बाई आल्या. म्हणाल्या, "आमच्या आईचा एकही फोटो घरात नाही हो. तुमच्या वडिलांनी कधी काढला असेल का?" श्रीरंगने चार दिवस शोधलं. अखेर शेजारणीच्या मंगळागौरीच्या फोटोत, कडेला, फुगडी घालताना हसणारी ती आई सापडली. बाईंनी छापून दिलेला तो फोटो कपाळाला लावला आणि तिथेच दुकानात खुर्चीवर बसून रडल्या. त्या दिवशी श्रीरंग मनातून हलला. आपण नुसतं दुकान चालवत नाही, परक्यांची ठेव सांभाळतो आहोत, हे त्याला तेव्हा कळलं.

ठेव सांभाळायची तर कोठारही तसंच हवं. म्हणून त्याने घरच्या घरी सर्व्हर उभा केला. चार खणांची काळी पेटी, तिच्यात तीन नव्या कोऱ्या डिस्क. कुठल्या खणात काय ठेवायचं, यावर त्याने आठवडेच्या आठवडे खल केला होता. अखेर सगळं सिद्ध झालं तेव्हा त्याने पेठे सरांना आमंत्रण धाडलं. सरांनी त्याला कॉलेजात संगणक शिकवला होता. निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षं लोटली होती, पण श्रीरंगच्या लेखी सरांनी 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय काही ठीक नसायचं.

सर आले. पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि झेंडूचं फूल होतं. सरांनी नमस्कार केला आणि पहिलं काम म्हणजे ते फूल उचलून खिडकीत ठेवलं. "पाकळ्या पंख्यात जातील रे," ते म्हणाले. "हं, आता दाखव तुझा संसार."

श्रीरंगची कळी खुलली. "सर, तिन्ही डिस्क मिळून मी एकच मोठं कोठार केलंय. बाबांचे फोटो त्यात, माझं रोजचं लग्नाचं काम त्यात, घरातल्यांचे मोबाइलही त्यातच रिकामे होतात. वेगवेगळे कप्पे करून जागा वाया का घालवायची? आणि मुख्य म्हणजे, एखादी डिस्क बंद पडली तरी उरलेल्या दोघींवरून तिच्यातलं सगळं पुन्हा उभं राहतं."

सरांनी पुढे वाकून मधली डिस्क सरळ बाहेर ओढली. तांबडा दिवा लुकलुकला. श्रीरंग शांतपणे हसला आणि पडद्यावर त्याने एक जुना फोटो उघडून दाखवला. स्वच्छ उघडला!

"शाबास," सर म्हणाले आणि त्यांनी डिस्क पुन्हा खणात सरकवली. "आणि हा चौथा खण रिकामा का?"

"आज संध्याकाळी भरतो ना!" श्रीरंगने टेबलावरची जुनी डिस्क उचलली. "स्कॅन केलेलं आधी हिच्यावर होतं. आता सगळं पेटीत आलंय. हिला पुसतो आणि चौथ्या खणात बसवतो. कोठार आणखी मोठं होईल."

सरांनी त्या जुन्या डिस्ककडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "भूक लागली बुवा. आधी जेवू या."

श्रीरंग मनात खट्टू झाला. एवढी मांडणी दाखवली आणि सरांना वांग्याची भाजी आठवली!

श्रीरंगच्या आईने बेत झकास केला होता. भरली वांगी होती, वरण-भात होता आणि शेवटी दहीभात. दहीभाताबरोबर सरांनी आंब्याचं लोणचं मागितलं. पानाजवळच्या चिनीमातीच्या सटीत पाहिलं तर नुसता खार तळाशी राहिलेला. आई पापड भाजत होत्या, त्या आतूनच म्हणाल्या, "थांबा हं सर, देते काढून."

सर थांबले नाहीत. दहीभाताने माखलेला चमचा हातात घेऊन ते उठले, फडताळापाशी गेले, वर्षाच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा त्यांनी सोडला, झाकण उघडलं आणि तो उष्टा चमचा खाली नेला.

"सर, नको!" श्रीरंगने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

आई धावत बाहेर आल्या. समोरचा प्रकार पाहून त्यांचा आवाजच चढला. "अहो सर, हे काय भलतंच! वर्षाचं लोणचं आहे ते. शिकलेसवरलेले तुम्ही, आणि उष्टा चमचा घालता?"

सरांनी चमचा निमूटपणे खाली ठेवला. श्रीरंगला आता ब्रह्मांड आठवलं. त्याने सरांचा हात सोडला, कान धरले, म्हणाला, "चुकलो सर. पण..."

"तू कुठे चुकलास? मी हात धरण्याचीच तर वाट पाहत होतो. धरला नसतास तर पंचाईत होती, वहिनींनी मला घराबाहेर काढलं असतं." सर हसले, पण लगेच गंभीर झाले. "का धरलास ते सांग."

"सर, ओला चमचा गेला की बुरशी येते. सगळी बरणी जाते. म्हणून तर रोजच्यासाठी ही छोटी सट असते. मोठ्या बरणीत रोजचा हात जात नाही."

"बरणी चांगली जाड आहे की. फुटायची नाही."

"फुटण्याचा प्रश्नच नाही, सर. चमच्याचा प्रश्न..."

श्रीरंग बोलता बोलता थांबला. त्याने वळून खोलीतल्या काळ्या पेटीकडे पाहिलं.

सर पाटावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बरणी फुटली तर काय, याची तू उत्तम तजवीज केलीस. तीन बरण्या मांडल्यास आणि तळातून एकमेकींना नळीने जोडल्यास. एक तडकली तरी लोणचं वाचेल, हे खरं. पण चमचा एकीत गेला तर? तो तिन्हींत गेला. तू घाईत एखादा फोटो पुसलास, तर तुझ्या तिन्ही डिस्क आज्ञाधारकपणे तो पुसतील. तू चुकलास हे त्यांना कसं कळावं? यंत्र क्वचित बिघडतं, बाळा. हात रोज चालतो, आणि तो घरातल्याच माणसाचा असतो. वडिलांच्या ठेवीत तू रोजचा हात घातलास, आणि जी एक डिस्क या साऱ्यापासून दूर, कोरडी राहिली होती, ती आज संध्याकाळी पुसायला निघालास."

श्रीरंगला फुगडी घालणारी ती आई आठवली. संध्याकाळ व्हायला काही फार वेळ नव्हता.

आईंचा राग आता निवळला होता. कोरड्या पळीने सटीत लोणचं काढता काढता त्या सहज बोलल्या, "मी तर बाई दरवर्षी एक बरणी लेकीकडे पाठवते. मागे एका वर्षी आमच्याकडचं सगळं बुरसलं. तेव्हा माझंच लोणचं तिच्या घरून परत आणून खाल्लं आम्ही."

सरांनी लोणच्याची फोड दहीभाताला लावली आणि डोळे मिटून खाल्ली.

जेवण झाल्यावर श्रीरंगने मांडणी मोडली आणि नव्याने केली. दोन खणांत वडिलांचे फोटो, एका डिस्कवर जे तेच दुसरीवर. ते सगळ्यांनी पाहावेत, पण हात कुणी लावू नये, म्हणून त्यांना संगणकातलं कुलूपही घातलं. तिसऱ्या खणात रोजचं काम. जागा बरीच कमी झाली, याची त्याला थोडी चुटपुट लागली. चौथा खण तर ओकाबोकाच राहिला. जुनी डिस्क मात्र त्याने रुमालात गुंडाळून सरांच्या हाती दिली. "सर, ही तुमच्या घरी राहू दे." आईंनी तिच्या जोडीला लोणच्याची भरलेली सट दिली. सर दोन्ही पिशवीत घालून, खुशीत, पायी घरी गेले.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका भर दुपारी श्रीरंग वडिलांच्या फोटोंना नावं देत बसला होता. नावं द्यायची म्हणून कुलूप त्याने स्वतःच उघडलं होतं. फोन वाजला, फोन कानाशी धरून तो गिऱ्हाइकाशी बोलत राहिला, आणि हाताने मंगळागौरीचा अख्खा संग्रह पुसून टाकला. दोन्ही डिस्कवरून, एका क्षणात. हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, त्याचाच होता.

त्याने गिऱ्हाइकाचा फोन ठेवला आणि सरांना फोन लावला. सरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, की 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाले नाहीत.

"ये, डिस्क कपाटात आहे," ते म्हणाले. "आणि येताना रिकाम्या हाताने येऊ नकोस. सट संपलीय माझी."

श्रीरंग मोठ्याने हसला. त्याने फडताळ उघडलं, पळी कोरड्या फडक्याने दोनदा पुसली, आणि मग बरणीचा दादरा सोडला.

आपल्यालाही कुणाची ना कुणाची ठेव सांभाळायची असतेच. तिची एक बरणी दुसऱ्या घरी आहे ना, एवढं आज पाहून घ्यावं.